आधी नोंद, मग बंद-चालू

घिवली गावाच्या एका बाजूला अरबी समुद्र आहे आणि हाकेच्या अंतरावर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतं आहे. गावातून बोईसरकडे निघालं की एमआयडीसीचे कारखाने लागतात. इथल्या पुष्कळ घरांत दोन काळ एकाच छपराखाली नांदतात. पुढचा भाग जुना, कौलारू, जाड विटांच्या भिंतींचा असतो. मागच्या स्लॅबच्या खोल्या कधीतरी लग्नकार्याच्या निमित्तानं वाढवलेल्या असतात आणि कडेला पत्र्याची पडवी असते. माणसांना असं घर सोयीचं वाटतं, वायफायला मात्र ते अवघड जातं. पुढच्या खोलीत नेट पळतं आणि मागच्या खोलीत नुसतं गोल गोल फिरत राहतं.

या संवादातली दोन माणसं मी रचलेली आहेत. बिघाड मात्र या किनाऱ्यावरच्या घराघरांत होणारे आहेत. मामा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते आणि आता निवृत्त आहेत. भाची मुंबईतल्या एका कार्यालयाचे हिशेब घरूनच सांभाळते. वाद पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी सुरू झाला.

भाची : मामा, माझं आता ठरलंय. या महिन्याचं पॅक संपलं की हे कनेक्शन बंद करायचं. रोज संध्याकाळी नेट जातं. चार वेळा फोन केला आणि चारही वेळा एकच उत्तर मिळालं, राउटर बंद-चालू करा. दुसऱ्या कुणाचं तरी घेऊ.

मामा : घे की. पण बाय, दुसरं आलं तरी ते याच शोकेसमध्ये, याच टीव्हीच्या मागे बसणार आणि याच प्लगात लागणार. बिघाड जुन्या कनेक्शनबरोबर जाईल की आपल्याच घरात मुक्काम ठोकेल, ते आपल्याला ठाऊक आहे का?

भाची : ते ठाऊक करून घेणं माझं काम नाही. मी पैसे भरते, त्यांनी नेट द्यावं. फ्रीज बिघडला तर आपण त्याचा गॅस तपासत बसतो का?

मामा : नाही बसत. पण फ्रीजवाल्याला बोलावताना तू सांगतेस की वर बर्फ साचतो, खाली गार होत नाही, रात्रभर घरघरतो. त्यावरून तो बरोबर तेच सामान घेऊन येतो. नेटवाल्याला तू काय सांगितलंस?

भाची : नेट जातं म्हणून सांगितलं.

मामा : आमच्याकडे कुणी नुसतं 'मशीन बंद पडलं' म्हणत आला की फोरमन त्याला उलट पावली पाठवायचे. कुठलं मशीन? बंद पडताना कुठला दिवा लागला होता? शेजारचं चालू होतं का? कालही याच वेळी पडलं होतं का? एवढं बघून ये, मग बोल, असं सांगायचे. त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना अर्ध्या वेळा बिघाड सापडूनच जायचा.

भाची : तुमच्याकडे पाळीत चार माणसं असायची. इथे मी एकटी असते, समोर साहेब बोलत असतात आणि पडदा थिजलेला असतो. तेव्हा प्रश्न कोण विचारत बसणार? मी उठते, राउटर बंद करते, चालू करते, दोन मिनिटांत काम होतं. यात वाईट काय?

मामा : बंद-चालू करणं वाईट नाहीच. पण त्या एका बटणासरशी किती गोष्टी होतात ते बघ. राउटरची साचलेली स्मृती पुसली जाते. फायबरशी त्याची जुळणी नव्यानं होते. बाहेरून त्याला नवा पत्ता मिळतो. हवेतली वाट तो पुन्हा निवडतो. घरातले सगळे फोन तुटून पुन्हा जोडले जातात. यातल्या नेमक्या कशानं बरं झालं ते तुला कळत नाही. म्हणून उद्या पुन्हा तेच होतं. चोरी झालेल्या खोलीत पोलीस यायच्या आधी झाडू मारावा, तसं आहे हे.

भाची : मग मीटिंग सोडून पंचनामा करू?

मामा : तीस सेकंद दे. बटणाला हात लावायच्या आधी राउटरच्या दिव्यांचा फोटो काढ. फोटोवर वेळ आपोआप पडते. दुसऱ्या कुणाच्या फोनवर नेट चालतंय का, तेवढं विचार. मग खुशाल बंद-चालू कर. आधी नोंद, मग बंद-चालू. एवढा एकच नियम पाळ.

भाची : तीस सेकंद दिले. पण दिव्यांत बघायचं काय? चार-पाच हिरवे लुकलुकत असतात.

मामा : तुझ्या फोनपासून बाहेरच्या जगापर्यंत वाटेचे चार पल्ले आहेत. पहिला फोनपासून राउटरपर्यंत, हवेतून. दुसरा म्हणजे राउटर स्वतः आणि त्याला मिळणारी वीज. तिसरा राउटरपासून गल्लीतल्या खांबावरून नेटवाल्याच्या केंद्रापर्यंत, काचेच्या तारेतून. चौथा तिथून पुढे जगभर. तुला चारही ठिकाणचा बिघाड एकसारखाच दिसतो, पडद्यावर गोल फिरत राहतं. म्हणून आधी पल्ला ओळखायचा. फायबरच्या डब्यावर पीओएन असं लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की काचेच्या तारेतला उजेड नीट पोचतोय. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की उजेड तुटलाय किंवा फार क्षीण झालाय. लाल दिवा असताना बंद-चालू करून काही हाती लागत नाही, बिघाड तिसऱ्या पल्ल्यात असतो. मात्र तार काढून तिच्या तोंडात डोकावायचं नाही. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

भाची : म्हणजे लाल दिवा त्यांचा आणि हिरवा आपला?

मामा : बहुतेक तसंच. आपल्याच घरात तार दुमडली असेल किंवा उंदरानं कुरतडली असेल, तर लाल दिवाही आपला. आणि सगळे दिवे हिरवे असूनही नेट नसेल, तर राउटरपासून हातभर अंतरावर उभी राहून बघ. तिथे चालतं आणि मागच्या खोलीत नाही, तर पहिला पल्ला. तिथेही नाही, तर पुढचं बघायचं. लॅपटॉप तारेनं जोडता आला तर आणखी खात्री होते, कारण तेव्हा हवा वाटेतून निघूनच जाते.

भाची : माझ्या लॅपटॉपला तारेची जागाच नाही. पण पिंग करून उत्तर किती वेळात येतं ते बघता येतं, ते मला माहीत आहे.

मामा : मग तू माझ्या पुढे आहेस. आधी राउटरलाच पिंग कर, १९२.१६८.१.१ किंवा डब्याखाली जो पत्ता छापलाय तो. मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता घे, चार आठांचा. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं नाव. राउटरच उशिरा उत्तर देत असेल तर हवेत दोष. राउटर झटपट बोलतो पण बाहेरचा आकडा गप्प, तर दोष पुढच्या तारेत. आकडा बोलतो आणि नाव गप्प, तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा अडलीय. ती डीएनएसची सेटिंग बदलून सुटते. त्यासाठी ना नवा राउटर लागतो, ना नवं कनेक्शन.

मामांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली आणि वेळ, खोली, दिवे, पिंग असे रकाने आखले. मुखपृष्ठावर लिहिलं, 'नेट – घर'. भाचीनं वही घेतली, पण एका अटीवर. आठवडाभर नोंदी करायच्या आणि त्यानंतर मामांनी तिला अडवायचं नाही. तेवढ्या दिवसांत मीटिंगच्या वेळी नेट गेलं, तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा. आठवडा संपल्यावर दोघं पुन्हा बसले.

भाची : अकरा वेळा नेट गेलं. तुम्ही म्हणालात तसे सगळे बिघाड एक नाहीत. सात वेळा दिवे हिरवे होते, फक्त मागच्या खोलीत नेट मरत होतं आणि ते संध्याकाळी सातनंतरच. दोन वेळा लाइट गेली होती, इन्व्हर्टर चालू झाला, तरी नेट पाच मिनिटं नव्हतं. आणि दोन वेळा एलओएस लाल होता, दोन्ही वेळा रात्री, मुसळधार पावसात.

मामा : बघ. तू ज्याला एक दुखणं म्हणत होतीस, ती तीन निघाली. कनेक्शन बदललं असतं तर त्यातलं फार तर एक गेलं असतं.

भाची : पण एक तर गेलं असतं. पुढे सांगा.

मामा : सात वेळचं आधी घेऊ. फोनवर वायफायची ताकद दाखवणारं ॲप घे. कांड्यांवर जाऊ नको, आकडा बघ. पुढच्या खोलीत किती आणि मागे किती?

भाची : पुढे वजा ४५, मागे वजा ७८ डीबीएम.

मामा : या मोजणीत दहानं खाली आलं की ताकद दहाव्या हिश्शावर येते, वीसनं आलं की शंभराव्या. तुझा फरक ३३ चा आहे. म्हणजे मागच्या खोलीत पुढच्या खोलीतल्या ताकदीचा सुमारे दोन हजारावा हिस्सा पोचतोय. राउटर ठेवलाय कुठे? शोकेसमध्ये, पुढे टीव्ही, बाजूला लोखंडी कपाट, कपाटाला आरसा. लोखंड लहर परतवतं आणि आरशामागचा धातूचा मुलामाही तेच करतो. वर जाड विटांच्या भिंती, त्याही पावसानं ओल धरलेल्या. पाणी ही लहर शोषतं. म्हणून पावसाळ्यात मागची खोली जास्त रुसते.

भाची : तो शोकेसमध्ये ठेवला कारण तिथे प्लग होता आणि समोर तारा लोंबलेल्या बऱ्या दिसत नाहीत. घर घरासारखं दिसायला नको का?

मामा : हवं. पण जिथे पाणी चढेल तिथेच टाकी बांधतो ना आपण? राउटर मधल्या दाराच्या वर, उघड्यावर ठेवू. तिथून पुढेही जवळ आणि मागेही जवळ. फायबर नेताना तिला बांगडीपेक्षा लहान वेटोळं पडू द्यायचं नाही. तार तुटलेली दिसत नाही, पण वळणावर आतला उजेड सांडतो.

भाची : जागा एक झाली. संध्याकाळचं काय? दुपारी त्याच खोलीत त्याच भिंतींतून बरं चालतं.

मामा : संध्याकाळी सगळी आळी घरी येते. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी हे गायरान आहे. २००५ साली सरकारनं ती परवान्यातून मोकळी केली. तेव्हापासून कुणीही विना-परवाना वापरावी. त्यात तुझा राउटर चरतो, शेजाऱ्यांचे चार चरतात, ब्लूटूथ चरतं आणि मायक्रोवेव्ह लागला की त्याची गळतीही तिथेच येते. या पट्टीत १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. एकमेकांना न लागणारे तीनच धरायचे, १, ६ आणि ११.

भाची : मी ॲपमध्ये बघितलं. तिघं ६ वर आहेत, एक १ वर. आपला ८ वर आहे. तो रिकामा दिसला म्हणून मला बरंच वाटलं.

मामा : तिथेच फसगत होते. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात, पाळीपाळीनं बोलतात. ८ वर बसलेल्याला ६ वरच्यांचा नुसता कालवा ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. समुद्रात डोलीच्या कवी, म्हणजे जाळी बांधायचे खुंट, मारताना अंतर राखलं नाही की एकाच्या जाळ्यात जाणारं पाणी दुसरा अडवतो आणि दोघांचंही नुकसान होतं. तसंच हे. आपण ११ वर जाऊ. पण आज नाही. आज फक्त जागा बदलायची, चॅनल उद्या.

भाची : का? दोन्ही आत्ताच केलं तर दोन संध्याकाळी वाचतील. मीटिंगा माझ्या आहेत, मामा.

मामा : आहेत. पण दोन्ही एकदम केलं आणि सुधारलं, तर कशानं ते कळणार नाही. बिघडलं तरी कळणार नाही. एका वेळी एकच बदल करायचा. याला वेळ लागतो हे मला मान्य. पण तो वेळ एकदाच जातो.

जागा बदलल्यावर मागच्या खोलीतला आकडा वजा ६२ वर आला. मधल्या सोळाच्या फरकाचा अर्थ चाळीसपट ताकद. दुसऱ्या दिवशी चॅनल बदलला आणि संध्याकाळी राउटरकडून येणारं पिंगचं उत्तर, जे कधी पाच तर कधी सहाशे मिलिसेकंद घ्यायचं, ते दहाच्या आत स्थिरावलं.

भाची : हे मान्य. पण पत्र्याच्या पडवीत अजून काही येत नाही. मी रेंज वाढवणारा डबा मागवते, पडवीतच लावते.

मामा : जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे तो डबा काय वाढवणार? त्याला स्वतःला नीट ऐकू येईल अशा जागी, अर्ध्या वाटेवर लावायचा. तरीही साधा डबा एकाच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुढे सांगतो, म्हणून वेग निम्म्याच्या आसपास येतो. त्यापेक्षा मागे एक तार टाकू आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर लावू.

भाची : तार! नावच वायरलेस आहे आणि तुम्ही घरभर तारा ओढायला निघालात. लोकांना तारांच्या गुंत्यातून सुटायचं असतं.

मामा : जी वस्तू मुक्कामाला आहे तिला तार, जी हिंडती आहे तिला हवा. टीव्ही कुठे हिंडतो? तो तारेवर घेतला की संध्याकाळी मालिका आणि सामने हवेतून उतरतात आणि तेवढी हवा तुझ्या लॅपटॉपला मोकळी होते. पडवीत घरातला धाकटा मुलगा फोन घेऊन बसतो, त्याचंही तसंच. लांबचा, क्षीण ऐकू येणारा फोन हळूहळू बोलतो. एकच गोष्ट सांगायला तो हवेत जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावं लागतं. एकाची रेंज वाईट असली की नेट सगळ्यांचं मंदावतं.

भाची : हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्यावर जास्त डेटा ओढतो म्हणून ओरडत होते. आणि ५ गिगाहर्ट्झचं काय? आपल्या राउटरला ती सोय आहे.

मामा : तिथे गर्दी कमी, वेग जास्त. २०१८ साली त्या पट्टीतला मोठा भाग मोकळा झाला. पण ती लहर भिंतीला लवकर थकते. दोन्हींना वेगळी नावं दे. राउटरच्या खोलीत ५ वापर, मागे २.४. आणि त्याच बैठकीत राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून टाक. नेट दुरुस्त करून देतो असं सांगणाऱ्या अनोळखी फोनवर ओटीपी द्यायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून ॲप टाकायचं नाही. रडकुंडीला आलेला माणूस अशा वेळी चटकन फसतो.

भाची : आता लाइट गेल्यावरचं सांगा. इन्व्हर्टर आहे, मग नेट का जावं?

मामा : राउटरच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं. तू तुझ्या नोंदीत लिहिलंयस, 'चालू असून ३ मिनिटं'. म्हणजे तो मेला आणि पुन्हा उठला. लाइटवरून इन्व्हर्टरवर जाताना क्षणभराचा खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटरला कळतो. मी अडॅप्टर बघितला. जुना झालाय, गरम होतोय, पिनांवर खाऱ्या हवेचा हिरवट थर आहे. समुद्राकाठी हे होणारच. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणू, इथे १२ व्होल्ट. कमी व्होल्टचा हाताशी आहे म्हणून लावायचा नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएसचं बटण असतं, तेही त्या बाजूला करून बघू. तरी नाही जमलं, तर राउटरपुरता छोटा बॅकअप मिळतो.

भाची : म्हणजे अकरापैकी नऊ वेळा दोष घरातला. मी हरले म्हणा.

मामा : हार-जीत कसली? दोन उरल्यात.

भाची : त्या दोनबद्दलच बोलायचंय. आता मी बोलते, तुम्ही ऐका. लाल दिवा दोन्ही वेळा पावसात लागला. राउटरच्या पानावर येणाऱ्या उजेडाचा आकडा बघितला, वजा २७.६.

मामा : काठावर आहे. या जातीच्या फायबरला साधारण वजा ८ ते वजा २७ हा कामाचा टप्पा. वजा २७ म्हणजे वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. तेवढ्यावर काम चालतं, हेच नवल. पावसात जॉइंटच्या पेटीत पाणी शिरलं की तेही उरत नाही. पण सोड आता. दोनदाच झालंय. तो नेटवाला पोरगा पाच गावं सांभाळतो, पावसात खांबावर कुठे चढेल?

भाची : इथे माझं तुमच्याशी पटत नाही. त्या पोराशी माझं भांडण नाही. त्याला हाताशी माणूस, शिडी आणि वेळ देणं हे त्याच्या मालकाचं काम आहे. मामा, २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हा मी बोईसरहून मुंबईला जाऊन नोकरी करू शकले. आज माझी लोकल हा डबा आहे. लोकल रोज रखडली तर प्रवाशानं रूळ तपासावेत असं कुणी म्हणत नाही.

मामा : आपण आपलं घर तर तपासलं ना?

भाची : तपासलं, कारण तुम्ही होतात. तीस वर्षांची सवय होती. पलीकडच्या वयनींकडे कोण आहे? त्यांची मुलगी बारावीला आहे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर खोपट उभारून शिकली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. कौतुक हवंच, पण तिला डोंगर का चढावा लागला? २०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयानं इंटरनेट मिळणं हे शिक्षणाच्या हक्कात धरलं. ज्या गोष्टीला हक्क म्हणायचं, तिची दुरुस्ती प्रत्येकानं आपापल्या मामाच्या भरवशावर करावी, हे मला पटत नाही.

मामा : मग करणार काय? फोन करशील, पुन्हा बंद-चालूच सांगतील.

भाची : आता नाही सांगू शकणार. माझ्याकडे लाल दिव्याचे फोटो आहेत, वेळा आहेत, आकडा आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर घेणार. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांत तक्रारीला दोन पायऱ्या आहेत, आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं. आणि आणखी एक केलंय. तुमच्या वहीचे रकाने आळीतल्या आणखी तीन घरांत दिले.

मामा : कधी?

भाची : लाल दिवा पहिल्यांदा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी. परवा रात्री ९:४० ला पुन्हा लागला. आपल्याकडे, वयनींकडे आणि कोपऱ्यावरच्या घरी, तिघांकडे एकाच मिनिटाला. चौथ्या घरात दिवा हिरवाच होता. त्यांची तार दुसऱ्या पेटीतून येते. आमच्या तिघांचेही आकडे वजा २७ च्या आसपास आहेत, त्यांचा वजा १९.

मामा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

मामा : म्हणजे दोष कुणाच्याच घरात नाही. तिघांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात त्याच्या अलीकडे, त्या पेटीत किंवा तिच्या आधीच्या जॉइंटमध्ये आहे. हे एका घरात बसून मला कधीच सिद्ध करता आलं नसतं. मी घरापुरतं बघत होतो.

भाची : आणि तुमची वही नसती तर मी नुसती भांडत राहिले असते. 'नेट जातं' या दोन शब्दांच्या पुढे मी कधी गेलेच नसते. पण मला अजून एक हवंय. तक्रार केंद्रावरच्या माणसानं पहिल्या फोनला बंद-चालू सांगण्याऐवजी चार प्रश्न मराठीत विचारावेत. लाल दिवा आहे का? सगळ्यांचं गेलंय का? राउटरजवळ चालतंय का? किती वाजता गेलं? कनेक्शन देताना हेच प्रश्न छापलेलं एक पान हातात द्यावं. याला कसलंही यंत्र लागत नाही.

मामा : आणि राउटर कुठे ठेवायचा, हे तार आणणाऱ्यानंच दाखवावं. तार संपेल तिथे डबा अडकवून निघून जाऊ नये. हे तुझ्या तक्रारीत लिही. माझं नाव घाल.

तक्रार वेळा आणि आकड्यांसह गेली. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर दोघं जण शिडी आणि पॉवर मीटर घेऊन आले. त्यांनी वहीचं पान वाचलं आणि कुणाच्याही घरात न शिरता थेट खांबाकडे गेले. पेटीत पाणी शिरलेलं होतं. जॉइंट कापून नव्यानं केला, पेटीचं झाकण बदललं. मामा-भाचीच्या घरातला आकडा वजा २१ वर आला, म्हणजे उजेड साडेचारपट. त्यांच्यातला एक जण जाताना म्हणाला की अशी नोंद मिळाली तर आमच्या चार फेऱ्या वाचतात.

रात्री मामांनी तारीख टाकली आणि आकडा लिहिला. भाचीनं वही मिटली. मुखपृष्ठावरच्या 'नेट – घर' मधला 'घर' हा शब्द तिनं एका रेघेनं खोडला आणि वर लिहिलं, 'आळी'.